उभा दावा

जर्मनीतल्या हाइलब्रॉनला नोकरीला लागून मला दोन-तीन महिने झाले असतील. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, एरवी मुंगीच्याही वाटेला न जाणारा माणूस, फोनवर कुणाशी तरी बराच वेळ हुज्जत घालत होता. शेवटी त्यानं फोन आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ग्योट्स!" बस, एवढंच. ऑफिसभर हशा पिकला. मी अर्थ विचारला तर तो कानापर्यंत लाल. म्हणाला, "जुना एक सरदार होता, ग्योट्स फॉन बेर्लिशिंगन म्हणून. त्याचं एक वाक्य आहे. ते म्हणायचं नसतं, नुसतं त्याचं नाव घ्यायचं."

वाक्य काय ते पुढे येईलच. आपल्याकडे त्याच्या तोडीच्या शिव्या पोत्यानं आहेत, पण शिवी न उच्चारता नुसतं देणाऱ्याचं नाव घेऊन काम भागावं, हा मान आपल्यात कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. माणूस मरून साडेचारशेहून जास्त वर्षं झाली तरी त्याच्या नावानं फोन आपटले जातात. मी त्याच्या मागे लागले ते तेव्हापासून.

मागच्या उन्हाळ्यात बाबा दीड महिना माझ्याकडे येऊन राहिले. बाबा म्हणजे सांगली जिल्ह्यात तेहतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेला माणूस. त्यांना राजवाडे, चर्च, पुतळे दाखवून मी थकले. ते प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणायचे आणि बसायला बाक शोधायचे. एके रात्री जेवताना मी सहज ग्योट्सची गोष्ट काढली. हा गडी जन्मभर भांडत राहिला, एका शिंप्याच्या बुडालेल्या पैशांवरून त्यानं अख्ख्या कोलोन शहराशी वैर धरलं, वगैरे. बाबांचा घास हातातच राहिला.

"कागद होते का?" त्यांनी विचारलं.

कागद होते. भरपूर होते. पुढच्याच शनिवारी आम्ही याग्स्टहाउझेनला गेलो.

याग्स्ट नावाची लहानशी नदी, तिच्या काठी गाव, आणि गावातच गढी. गढी म्हणायचं कारण, डोंगरमाथ्यावरचा किल्ला डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. जरा ऐसपैस वाडाच आहे, आणि अजून त्याच घराण्याकडे आहे. इथल्याच किलियान नावाच्या सरदाराचा हा सर्वांत धाकटा मुलगा, दहा भावंडांतला. जन्म १४८० च्या आसपासचा. बाबांनी लगेच बोटं मोजली. "दहा वाटण्या. म्हणजे याच्या वाट्याला नाव तेवढं आलं." तेवढ्यात त्यांनी निम्मं चरित्र सांगून टाकलं, हे मला घरी परतताना कळलं.

लढाईत गेलेल्या हाताच्या जागी ग्योट्स जो बसवायचा, तो हात काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. लोखंडी. मी चित्रं पाहिलेली होती, पण चित्रात त्याचा काळपट तेलकटपणा कळत नाही. एकेका बोटाला सांधे आहेत, आपल्या बोटांना असतात तिथंच. अंगठा वेगळा वळतो. नखंसुद्धा कोरलेली आहेत, आणि मला त्याच नखांनी कसंतरी झालं. यंत्र साधं, पण डोक्यानं केलेलं. डाव्या हातानं ही बोटं दाबून वळवायची, आत दातेरी चाकं आणि कमानी आहेत, त्या टक्‌टक् करत पुढे सरकतात आणि बोटं त्या त्या जागी अडकून बसतात. मग लगाम धरा, ढाल धरा, सुटायचं नाही. सोडायचं झालं की कळ दाबायची, सगळी बोटं एकदम उघडतात. वजन दीड किलोच्या आसपास, आणि ते कातडी पट्ट्यांनी उरलेल्या हाताला आवळून बांधायचं. याच्या आधीचा एक साधा हातही शेजारी आहे. बाबा दोन्ही हात मागे बांधून पेटीभोवती फिरले आणि म्हणाले, "लोहार चांगला भेटला."

खरा हात गेला १५०४ च्या उन्हाळ्यात. बव्हेरियाच्या एका राजघराण्यात वारसाचा तंटा पेटला होता, चुलत्या-पुतण्यांतला म्हणतात तसला, आणि लँड्सहूट गावाला वेढा पडला होता. ग्योट्स तेव्हा चोविशीतला, मार्ग्रेव्हच्या म्हणजे सरहद्दीच्या राजाच्या चाकरीत, म्हणून एका बाजूला. त्याचे भाऊ समोरच्या बाजूला. आणि तोफ डागली ती न्यूरेंबर्गकरांनी, म्हणजे त्याच्याच बाजूच्यांनी. गोळा त्याच्या तलवारीच्या मुठीवर बसला, मुठीचा तुकडा आणि चिलखताचे पत्रे हातात घुसले, आणि पंजा कातड्यावर लोंबकळत राहिला. त्यानं म्हणे काही झालंच नाही असा चेहरा करून घोडा हळूच वळवला. मग पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत (तिकडंही त्याच सुमाराला सोंगं-ढोंगं चालतात) तो त्याच लँड्सहूट गावात खाटेवर पडून होता. सुरुवातीला देवाकडं मरण मागायचा. मग त्याला एक जुना एकहाती शिपाई आठवला, जो एका हातानं लढायचा. आणि त्यानं मनाशी म्हटलं, देवाची कृपा नसेल तर बारा हात असून काय उपयोग?

हे सगळं त्यानं स्वतः सांगून लिहवून घेतलंय, ऐंशीच्या घरात असताना. ते पुस्तकच माझ्या या सगळ्या नादाचं मूळ.

जर्मनमध्ये त्याच्या भांडणांना शब्द आहे 'फेडे'. बाबांना तो कर्ज फेडण्यातला 'फेडे' वाटला, आणि खरं सांगायचं तर ते फार चुकलेले नव्हते. आपलं कुणी बुडवलं, न्याय देणारा कुणी जवळ नाही किंवा असून देत नाही, तर हत्यार उचलून वसूल करायचं, असा त्या काळच्या सरदारांचा हक्क. पण हक्काला रीत होती. १३५६ साली पवित्र रोमन साम्राज्याच्या (म्हणजे ढोबळमानानं तेव्हाच्या जर्मनीच्या) चौथ्या चार्ल्स सम्राटानं काढलेल्या, सोन्याचा शिक्का मारलेल्या फर्मानात ती स्पष्ट लिहिली आहे. आधी कळवायचं, तीन दिवस जाऊ द्यायचे, मग हात उचलायचा. आणि कळवायचं तेही गुपचूप नाही. त्या माणसाला समक्ष, नाहीतर तो राहतो त्या ठिकाणी उघडपणे, पुढे साक्षीदार उभे करता येतील असं. पत्र देऊन गोठा जाळला तर ते वैर, न देता जाळला तर दरोडा.

"नोटीस बजावायची," बाबा म्हणाले. "आणि घेतली नाही तर पंचांसमक्ष दारावर डकवायची." त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा ओळखीचं काही दिसल्याचा आनंद होता.

मी मराठी शब्द शोधत होते. वैर म्हणावं तर त्यात कागद नाही, खटला म्हणावं तर त्यात घोडा नाही. आणि मग गढीबाहेरच्या बाकावर डबा खाताना शब्द सापडला. दावा! कोर्टात लावतात तो दावा, आणि 'त्यांचा उभा दावा आहे' म्हणतो तोही दावाच. 'दावा लावला' म्हटलं तर वकील डोळ्यापुढे येतो, 'दावा साधला' म्हटलं तर कुऱ्हाड. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही. ग्योट्सच्या जगात हे दोन अर्थ अजून वेगळे व्हायचे होते.

वेगळे करायचा हुकूम मात्र निघाला होता. १४९५ साली वोर्म्सला साम्राज्याची सभा भरली, तिथं मॅक्सिमिलियन राजानं कायमची शांतता जाहीर केली. यापुढे कुणी कुणावर दावा धरायचा नाही, तक्रार असेल त्यानं नव्या वरिष्ठ न्यायालयात जायचं. गंमत अशी की पंधरा वर्षांचा ग्योट्स त्या सभेच्या वेळी वोर्म्समध्येच होता, काका कोनराडच्या दिमतीला. ज्या धंद्यावर हा पोरगा पुढे जगणार होता तो धंदाच बेकायदा ठरला, तेव्हा हा बाहेर काकांचा घोडा धरून उभा असेल. (घोड्याचं मी माझ्या पदरचं घातलंय, पण अशा पोरांचं काम तेच असायचं.)

न्यायालय झालं, पण निकाल लागायला जन्म जायचा. आणि लागला तरी तो बजावायला ना शिपाई ना प्यादे. मला यात काही परकं वाटत नाही. आमच्या आजोबांचा भावकीशी बांधावरून दावा लागला होता, साडेतीन गुंठ्यांचा. मी जन्मायच्या आधी लागलेला, निकाल लागला तेव्हा मी बारावीत होते आणि वादी-प्रतिवादी दोघंही फोटोत गेले होते. कागदांचं लाल फडक्यातलं गाठोडं अजून माळ्यावर आहे. आजोबांनी कधी कुणावर हात उचलला नाही, पण त्यांना जवळ घोडा आणि तीन दिवसांच्या नोटिशीची सोय असती तर? बाबांना हा प्रश्न मी विचारला नाही.

तर तो शिंपी. हान्स झिंडेलफिंगर त्याचं नाव, श्टुटगार्टचा, हाताला सुई तशीच बंदूक बसलेली. कोलोनला नेमबाजीची स्पर्धा होती, पहिलं बक्षीस १०० गुल्डन, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. यानं नेम साधला आणि कोलोनकरांनी पैसे दिले नाहीत. शिंपी गेला आपल्या राजाच्या माणसांकडे, तिथून वशिल्यानं ग्योट्सकडे, आणि ग्योट्सनं त्याचं गाऱ्हाणं आपलं करून कोलोनवर दावा मांडला. मग कोलोनचे दोन व्यापारी, बाप आणि लेक, वाटेत पकडून ओलीस धरले. त्या दोघांचा त्या स्पर्धेशी काडीचा संबंध नाही. पण कोलोनवर दावा म्हणजे कोलोनच्या प्रत्येकावर दावा.

इथं बाबा जरा अडखळले. "हे म्हणजे गावाची थकबाकी म्हणून वाटेत भेटलेल्याची बैलगाडी जप्त केल्यासारखं झालं."

मलाही तेच खटकतं. लोकांना ही गोष्ट आवडते. गरीब शिंपी, मुजोर शहर, एका हाताचा दिलदार सरदार. मला मात्र ग्योट्सनं तो दावा बाजारात घेतल्यासारखा वाटतो. धाकट्या वाटणीच्या सरदाराला शेतसारा पुरत नव्हता, राजे-रजवाडे आणि शहरं दिवसेंदिवस मोठी होत होती, तोफेपुढे चिलखताची पत गेली होती. त्याच्याकडे विकण्यासारखं काय उरलं होतं, तर भांडायची ताकद आणि भांडायचा परवाना. त्याला दुसऱ्याचं गाऱ्हाणं हवंच असायचं. आपल्या स्वतःच्या नावावरचे पंधरा दावे त्यानं म्हातारपणी मोजून सांगितलेत, आणि मित्रांसाठी, नातेवाइकांसाठी केले ते वेगळे. मोजणारा माणूस! ज्याला राग येतो तो मोजत बसत नाही, असं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "अगं, ज्याला राग येतो तोच मोजतो."

१५१२ साली त्यानं न्यूरेंबर्गला अंगावर घेतलं. कारण सांगितलं ते असं की त्याच्या माणसांना न्यूरेंबर्गकरांनी त्रास दिला. हात त्यांच्याच तोफेनं गेला होता, ते तो कारणांत धरत नाही. पण माझ्या डोक्यातून तो हिशोब जात नाही. लाइपझिगची जत्रा करून परतणारे न्यूरेंबर्गचे व्यापारी त्यानं फोर्खहाइमजवळ गाठले, लुटले, पकडून नेले. त्याच सुमाराची एक आठवण त्यानं सांगितली आहे. दबा धरायला निघाला असताना शेजारच्या रानात एक मेंढपाळ मेंढरं चारत होता, आणि बघता बघता पाच लांडगे कळपावर तुटून पडले. ग्योट्सला मोठा शुभशकुन वाटला. तो लांडग्यांना म्हणाला, यश येवो सोबत्यांनो, सगळीकडे यश येवो.

माझ्या लेखी अख्ख्या पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक जागा ही. बाकी सगळीकडे तो न्यायाचा माणूस आहे, इथं एका ओळीपुरता लांडग्यांचा सोबती.

न्यूरेंबर्गकर रडत सम्राटाकडे गेले. मॅक्सिमिलियन तेव्हा म्हणे हसला. एकाला एक हात, दुसऱ्याला, म्हणजे ग्योट्सचा साथीदार हान्स फॉन झेल्बिट्सला, एक पाय. त्यांना दोन-दोन असते तर तुमचं काय झालं असतं? आणि पुढे चिडून, व्यापाऱ्याचं मिऱ्याचं एक पोतं हरवलं की सगळ्या साम्राज्यानं धावून जायचं, आणि साम्राज्याचं काम निघालं की कुणी फिरकत नाही! अर्थात हे सम्राटाचे शब्द आपल्याला ग्योट्सच्या तोंडून कळतात, तेव्हा मिठाच्या खड्यासह घ्यावेत. नव्हे, मिऱ्याच्या.

मिरी का, तर जर्मनमध्ये गबर व्यापाऱ्याला आजही हेटाळणीनं 'मिऱ्याचं पोतं' म्हणतात. आणि ती मिरी आपल्या किनाऱ्याची. १५०५ साली लिस्बनहून आल्मेडाचं आरमार हिंदुस्थानाकडे निघालं, त्यात जर्मन पेढ्यांचा पैसा होता. आउग्सबुर्गचे फुगर आणि वेल्झर होतेच, पण न्यूरेंबर्गचे इमहोफ आणि हिर्शफोगेलही होते. १५१० साली अल्बुकर्कनं गोवा घेतला. म्हणजे ग्योट्स फ्रांकोनियाच्या रानात ज्या शहराच्या व्यापाऱ्यांची वाट अडवत होता, त्या शहराचं भांडवल तोवर मलबारपर्यंत पोचलं होतं. तिकडे तोफा लावून जे चाललं होतं त्याला कुणी लूटमार म्हटलं नाही. इकडे रानात झालं त्याला म्हटलं. बाबा यावर एवढंच म्हणाले की मिरी केरळची असते, कोकणातली नव्हे, उगाच आपली म्हणू नकोस.

सम्राटाला हसून भागलं नाही. ग्योट्सला साम्राज्याबाहेर टाकल्याचं जाहीर झालं. म्हणजे त्याला कुणीही मारावं, कुणीही लुटावं, गुन्हा नाही. सुटायला १५१४ साली १४,००० गुल्डन मोजावे लागले. माणूस शहाणा झाला असेल? १५१६ साली माइन्झच्या आर्चबिशपशी नवा दावा, त्यात वाल्डेकचा काउंट पकडला आणि खंडणी घेतली ८,००० गुल्डनहून जास्त. १५१७ साली नेकर नदीवरचा हॉर्नबेर्ग किल्ला विकत घेतला ६,५०० ला. हे दोन आकडे मी बाबांना एकापाठोपाठ सांगितले. ते नुसते हसले. उत्पन्नाचा स्रोत कोणता हा रकाना त्यांनी आयुष्यभर भरून घेतला होता.

त्या माइन्झच्या दाव्यातच ते वाक्य जन्मलं. क्राउटहाइमला माइन्झचा एक अंमलदार होता, माक्स श्टुम्फ. ग्योट्सनं रात्री गडाखालचा मेंढवाडा पेटवला. जाळपोळ मला मनापासून आवडत नाही, असंही तो वर सांगतो. अंमलदार वरून ओरडला. खालून ग्योट्स ओरडला, की त्यानं मला मागून चाटावं. झालं. अंधार, आग, बें-बें करणारी मेंढरं आणि दोन प्रौढ गृहस्थ. यातून राष्ट्राची आवडती शिवी निघाली.

१५१९ चं लवकर आटपते. व्युर्टेम्बर्गच्या उलरिश ड्यूकच्या बाजूनं तो श्वाबियन संघाविरुद्ध, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या शहरांच्या आणि राजे-सरदारांच्या युतीविरुद्ध, उभा राहिला, म्योकम्यूलचा किल्ला लढवताना पकडला गेला, आणि १५२२ पर्यंत आमच्या हाइलब्रॉनमध्ये अडकून पडला. २,००० गुल्डन आणि पुन्हा सूड घेणार नाही अशी शपथ देऊन सुटला. नेकरच्या काठी इथं एक चौकोनी बुरूज आहे, त्याला ग्योट्सचा बुरूज म्हणतात, मी रोज सायकलनं त्यावरून जाते. तो त्यात कधी नव्हताच. एक रात्र वेगळ्याच बुरुजात काढली, बाकीचा काळ शहरातल्या खानावळीत.

आता १५२५. इथं बाबा उठून बसले, कारण विषय शेतकऱ्यांचा होता. त्या वसंतात दक्षिण आणि मध्य जर्मनीत शेतकरी उठले. मेमिंगेनला त्यांनी बारा कलमं लिहून काढली होती. बाबांनी मला ती एकेक करून सांगायला लावली. पाद्री आम्ही निवडणार. वेठबिगार नको. नदीतला मासा, रानातलं लाकूड आमचंही. दहाव्या कलमावर त्यांनी हात वर केला. मालकांनी बळकावलेली गावची कुरणं आणि रानं परत करा, असं ते कलम. "गायरान," बाबा म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. अकरावं कलम असं, की घरातला कर्ता मेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाच्या दावणीला जायची जी रीत आहे, ती बंद करा. विधवेच्या दारातून गाय सोडवून नेताना जो माणूस पाठवत असतील तो डोळ्यांपुढे आला. कारकुनासारखाच कुणी असणार, दौत-लेखणीवाला.

ईस्टरच्या दिवशी, १६ एप्रिलला, वाइन्सबेर्गला शेतकऱ्यांनी काउंट हेल्फेनश्टाइनला आणि त्याच्या सोबतच्या सरदारांना भाल्यांच्या दोन रांगांमधून पळायला लावून मारलं. हे गाव माझ्या घरापासून लोकलनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ओडनवाल्डच्या शेतकऱ्यांच्या फौजेचा सेनापती कोण, तर ग्योट्स फॉन बेर्लिशिंगन. महिनाभरापुरता.

त्याचं म्हणणं, मला जबरदस्तीनं नेलं. बायकापोरांच्या जिवाची भीती घातली. मी गेलो तो त्यांना आवर घालायला. असेलही. वाइन्सबेर्गनंतर नाही म्हणायला कुणाची छाती झाली असती? पण माइन्झवर, बिशपांवर त्याचा जुना राग होता, आणि ही फौज नेमकी बिशपांच्या मुलखातून चालली होती. आमोरबाखचा मठ लुटला गेला तेव्हा तो तिथंच होता. त्यानं बारा कलमं जरा मवाळ करून घेतली, तर शेतकऱ्यांना त्याचा संशय आला. वर्झबुर्गचा गड काही त्यांना घेता आला नाही. आणि मेअखेरीस, महिना भरत आला तेव्हा, एका रात्री तो निघून गेला. दोन जूनला क्योनिग्सहोफेनला त्याच फौजेची कत्तल झाली. हजारोंनी मेले. त्या रात्री तो घरी होता.

मला वाटतं जबरदस्ती आणि हाव दोन्ही खरं. पण या प्रकरणात मला छळतं ते वेगळंच. शिंप्याच्या १०० गुल्डनसाठी सगळं कोलोन अंगावर घेणाऱ्या माणसानं त्या दहाव्या-अकराव्या कलमांचा दावा आपला म्हणून कधी उचलला नाही. शिंप्याकडून निदान वसुली निघत होती. विधवेच्या गाईतून काय निघणार? आणि तो स्वतः कुणाचा तरी मालकच होता, त्याच्याही दावणीला गायी आल्या असणार.

"तो लिहून काय देतो त्यांच्याबद्दल?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, त्या पानांत स्वतःची सफाई आहे. मेलेल्यांसाठी रडणं नाही.

१५२८ साली श्वाबियन संघानं त्याला जाब द्यायला आउग्सबुर्गला बोलावलं आणि तिथंच धरून ठेवलं. १५३० साली सोडलं ते अशी शपथ घेऊन की हॉर्नबेर्गच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही, रात्र किल्ल्याबाहेर काढायची नाही, आणि घोड्यावर बसायचं नाही. पन्नाशीचा माणूस. दहा वर्षं त्यानं ते पाळलं. त्याच्या पंधरा दाव्यांपेक्षा मला या दहा वर्षांचं नवल वाटतं. खाली नेकर वाहतेय, काठानं व्यापाऱ्यांचा रस्ता जातोय, मालाच्या होड्या जाताहेत, आणि हा वरून बघतोय.

तो साठीला आल्यावर पाचव्या चार्ल्स सम्राटानं त्याला मोकळं केलं, कारण तुर्कांविरुद्ध माणसं हवी होती. त्यानं १५४२ च्या हंगेरीच्या मोहिमेसाठी शंभर स्वार उभे केले, दोन वर्षांनी फ्रान्सच्या स्वारीवरही गेला. मग घर. डोळे अधू, वय ऐंशीच्या पुढे, समोर लिहून घेणारा. तुम्ही ते पुस्तक वाचायला घेतलंत तर आत्मचरित्राची अपेक्षा धरू नका. दोन बायका, दहा मुलं, त्यांचं नाव मुश्किलीनं येतं. ते कैफियतनामा आहे. अमुक साली अमुकानं माझं अमुक बुडवलं, साक्षीला अमुक. सगळे साक्षीदार मेले होते, विरुद्ध पक्षही मेला होता, आणि हा अजून बाजू मांडत होता. २३ जुलै १५६२ ला तो गेला.

ते छापलं गेलं १७३१ मध्ये. कुठं? न्यूरेंबर्गला. तिथल्याच एका छापखान्यात.

आणि ते छापील पुस्तक वाचलं वकिली शिकलेल्या एका विशीतल्या पोरानं, ज्याला आपण शाकुंतलावर लुब्ध झालेला म्हणून ओळखतो. गटेनं त्यावर नाटक लिहिलं, १७७३ साली छापलं, आणि ग्योट्स स्वातंत्र्यवीर झाला. नाटकात तो हाइलब्रॉनला कैदेत 'स्वातंत्र्य' म्हणत मरतो. ऐंशीपर्यंत जगलेल्या माणसाला तरुण नाटककारानं वेळेवर मारलं. मधल्या १७७२ च्या उन्हाळ्यात गटे वेट्झलारला उमेदवारी करत होता, त्याच १४९५ च्या वरिष्ठ न्यायालयात. तिथं वीस हजार दावे तुंबलेले आणि वर्षाला साठ निकाली निघतात, असं त्यानं पुढे लिहून ठेवलंय. घोड्यावरून दावा चालवणारा नायक त्याला का भावला असेल, याला दुसरं कारण शोधायला नको. पुढे नाझींनी आपल्या एका एसएस डिव्हिजनला ग्योट्सचं नाव आणि लोखंडी मुठीचं चिन्ह दिलं, तेव्हा मात्र त्यात ना शिंपी उरला होता ना नोटीस.

बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही हॉर्नबेर्गला गेलो. नेकरझिमर्नला उतरून वर चढायचं. किल्ल्याच्या खालपर्यंत द्राक्षांचे मळे आहेत, दगडी ताली घातलेले, इतके उभे की खाली बघितलं की पाय शिवशिवतात. वर जाऊन मी बुरुजावर चढले. बाबा गुडघ्यांमुळे खालीच थांबले. वरून नदी दिसते, आगगाडी दिसते, आणि पलीकडचा रस्ता इतका स्पष्ट की ट्रकवरची अक्षरं वाचता यावीत. मी तिथं बराच वेळ उभी होते. इथंच उभा राहत असेल, वगैरे जे विचार अशा जागी येतात ते आले.

खाली आले तर बाबा बाकावर नव्हते. दोन मळ्यांच्या मधल्या पायवाटेवर ते एका दगडापाशी उकिडवे बसले होते. वीतभर वर आलेला, शेवाळलेला दगड, माथ्यावर खाच कोरलेली. हद्दीचा. बाबांनी एक डोळा मिटून त्या खाचेतून वरच्या तालीकडे पाहिलं, मग उलटं वळून खालच्या दगडाकडे पाहिलं. पुन्हा वर. मग हात झाडत, गुडघा धरून उठले.

"हा सरकवलाय," ते म्हणाले. "हातभर तरी."